‘वाजवी’ म्हणजे किती तास?

१९४६ च्या आरोग्य समितीने (भोर समिती) डॉक्टरांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विचार केला तो मुख्यतः शिक्षक कुठून आणायचे या चिंतेतून. दिल्लीत १९५६ साली उभी राहिलेली ‘एम्स’ ही संस्था त्या शिफारशीचंच फळ. शिकता शिकता रुग्णालयात राबणाऱ्या या डॉक्टरांच्या कामाचे तास हा विषय बराच नंतरचा.

सत्तरच्या दशकात रेसिडेन्सी पद्धत आली, म्हणजे रुग्णालयातच राहून, काम करत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं. मुंबईच्या वॉर्डांत ‘हाऊसमन’, ‘रजिस्ट्रार’ हे शब्द टिकून राहिले, कागदावर मात्र ‘निवासी डॉक्टर’ आला, आणि सगळी गोम या शब्दातच आहे. तो विद्यार्थी, म्हणून त्याला पगार नाही, विद्यावेतन. संपावर गेला की तोच अत्यावश्यक सेवेतला माणूस, मग मेस्माची, म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्या संपावर बंदी घालणाऱ्या कायद्याची, भाषा सुरू. (निवासी म्हणावं, तर हॉस्टेलच्या एका खोलीत किती जण राहतात तेही बघावं.)

१९९२ मध्ये केंद्राने परिपत्रक काढलं: सलग ड्यूटी शक्यतो १२ तासांपेक्षा जास्त नको, आठवड्याला ४८ तास, पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी. सोबत ‘कामाची निकड’ ही पळवाटही ठेवली. सरकारी रुग्णालयात निकड कधी नसते? २००० च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनी ‘पूर्णवेळ निवासी’ म्हटलं आणि तिथेच थांबले. पुढे वैद्यकीय शिक्षणाची जुनी नियामक परिषद (एमसीआय) जाऊन नवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (एनएमसी) आला. त्याच्या डिसेंबर २०२३ च्या नियमांत तासांविषयी शब्द आहे ‘वाजवी’. विश्रांतीचा वेळही वाजवी. वर्षाच्या किरकोळ रजा मात्र मोजून २०. म्हणजे आकडा लिहिता येत नव्हता असं नाही.

२०२४ मध्ये आयोगाच्याच कृती दलाने आठवड्याला ७४ तास आणि सलग जास्तीत जास्त २४ तास अशी मर्यादा सुचवली. वर्तमानपत्रांत ती सवलत म्हणून छापून आली, पण ती १९९२ च्या आकड्याहून २६ तासांनी जास्त आहे, हे फारसं कुणी लिहिलं नाही. त्याच ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवरील बलात्कार आणि हत्येच्या प्रकरणाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने सलग ३६ तासांच्या ड्यूट्यांवर बोट ठेवलं.

आता नियमानुसार तिसऱ्या ते पाचव्या सहामाहीत कधीतरी प्रत्येक निवासी डॉक्टरला तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. तो गेला की त्याच्या इमर्जन्सी ड्यूट्या उरलेल्यांत वाटायच्या. रोस्टर लावणारा सीनिअर हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने करतो, आणि त्यात ड्यूटी सुरू होण्याची वेळ असते, सुटण्याची नसते.