कायाकचा नांगर

गळाने मासेमारी करताना कायाक, म्हणजे बहुधा एकट्या माणसाने वल्हवायची निमुळती होडी, पाण्यात एका जागी रोखून धरण्याचे साधन आणि ते वापरण्याची रीत. मराठवाड्यात नांगर म्हटले की आधी शेत डोळ्यांपुढे येते. इथल्या जलाशयांपुरते ते बरोबरही आहे, कारण आज जिथे कायाकचा नांगर सोडतात तिथे धरणाआधी शेतीचे नांगर चालत होते. बुडालेली ही जमीन कायाकचा नांगर सहज पकडते. तो रुतवणे त्यामुळे फारसे अवघड नाही. सारी सुरक्षितता तो हवा तेव्हा सुटण्यात आहे.

पैठणजवळ गोदावरीवर १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर सुमारे ५५ किमी. लांब आहे आणि जिथे सर्वांत रुंद आहे तिथे २७ किमी.च्या आसपास भरतो. विस्तार अफाट, पण खोली त्या मानाने बेताची. माजलगाव, येलदरी, मांजरा, इसापूर या जलाशयांचेही काठ असेच पसरट आहेत. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीवर गाळपेर होते, वेड्या बाभळी उगवतात. पावसाळ्यात पुन्हा सगळे पाण्याखाली जाते. म्हणून तळाला कुठे घोट्याएवढा काळा गाळ असतो, कुठे जुन्या बांधाचे दगड, कुठे घराची जोती, तर कुठे बाभळीची खोडे. वरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. ज्याला मासेमारी करायची आहे त्याने मे महिन्यात एकदा तो काठ पायी फिरून पाहावा. नकाशापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

कायाकवर बहुधा चार फाळांचा, मिटून ठेवता येणारा लहान नांगर वापरतात. वजन पाऊण ते दीड किलो. दगडात आणि झाडोऱ्यात तो चटकन अडकतो, मऊ गाळात मात्र घसरतो. गाळात पकड हवी असेल तर दोर आणि नांगर यांच्यामध्ये मीटर-दोन मीटर साखळी जोडतात. साखळीच्या वजनाने नांगराचा दांडा तळाशी आडवा राहतो आणि फाळ रुततात. कमरेएवढ्या पाण्यात नांगराची गरजच नसते. गाळात खोचलेला बांबू पुरतो.

दोर सहा मिलिमीटर जाडीचा, विणलेल्या नायलॉनचा असावा. आठवडी बाजारात जनावरांसाठी मिळणारा प्लॅस्टिकचा कासरा स्वस्त पडतो, पण तो पाण्यावर तरंगतो आणि वल्ह्यात, गळाच्या दोरीत किंवा शेजाऱ्याच्या जाळ्यात गुंततो. नायलॉन बुडते आणि थोडे ताणतेही, त्यामुळे लाटेचा हिसका होडीला कमी बसतो.

दोर नांगराला कसा बांधला आहे, याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे. सहसा लोक तो दांड्याच्या वरच्या कडीला पक्का बांधतात आणि नांगर बाभळीत अडकला की हतबल होतात. त्याऐवजी दोर नांगराच्या बुडाच्या भोकात निरगाठ मारून बांधावा, दांड्याला लगटून वर आणावा आणि वरच्या कडीला फक्त सुतळीने जखडावा. नेहमीचा ताण सुतळी सोसते. नांगर अडकला आणि जोराने खेचले की ती तुटते, ओढ बुडाकडून लागते आणि फाळ ज्या वाटेने शिरले त्याच वाटेने उलटे बाहेर येतात. सुतळीचे किती पदर घ्यायचे ते काठावर नांगर खुंट्यात अडकवून, खेचून ठरवावे. भिजलेली सुतळी कुजते, म्हणून दर खेपेला नवी.

होडीकडच्या टोकाला मात्र नेमके उलटे: तिथे सुरगाठ, एका हिसक्यात सुटेल अशी. या टोकाला एक छोटा बोया, म्हणजे खुणेसाठी तरंगणारा गोळाही जोडलेला असतो. मोठा कटला गळाला लागून होडी ओढू लागला किंवा वारा अचानक फिरला, तर सुरगाठ ओढायची, बोयासकट दोर पाण्यात सोडायचा आणि नंतर येऊन उचलायचा. लाइफ जॅकेटला, एका हाताने काढता येईल अशी सुरी अडकवलेली असावी. ती पिशवीच्या तळाशी असेल तर नसल्यासारखीच.

दोर कायाकच्या मधोमध, बसण्याच्या जागेजवळ कधीही बांधू नये. होडी आडवी होते, पाण्याचा रेटा पूर्ण अंगावर येतो, दोर एक कड खाली खेचतो आणि होडी बघता बघता उलटते. ओढ नेहमी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, फार तर वरामावर, म्हणजे मागच्या टोकावर हवी. बसल्या जागेवरून तिथे हात पोचत नाही, म्हणून होडीच्या एका कडेने दोन कप्प्यांवरून फिरणारा दोरीचा फेर बसवतात. त्याला ट्रॉली म्हणतात. फेरातल्या कडीतून नांगराचा दोर ओवायचा आणि दोरी ओढून कडी टोकाला न्यायची.

दोर किती सोडायचा? शांत पाण्यात खोलीच्या तिप्पट, वारा असेल तर पाच ते सातपट. चार मीटर खोलीला किमान बारा मीटर, वाऱ्यात वीस-अठ्ठावीस मीटर. आखूड दोर दोन्ही बाजूंनी घात करतो: नांगराला वर उचलतो आणि लाट आली की होडीचे नाक खाली दाबून धरतो. नांगर फेकायचा नसतो. नाळ वाऱ्याकडे करून हाताहाताने खाली सोडायचा आणि होडी मागे सरकू द्यायची. मग काठावरचे एक झाड आणि त्यामागचा विजेचा मनोरा एका रेषेत धरावा. रेष मोडली, की नांगर घसरतो आहे.

नाथसागर पैठणहून पश्चिमेकडे पसरला आहे. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा त्याच्या सगळ्या लांबीवरून धावत धरणाच्या भिंतीकडे येतो आणि त्या बाजूला लाटा उंच होतात. एप्रिल-मे महिन्यांत वळिवाचे ढग दिसले की नांगर उचलून काठ गाठावा. जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. विसर्ग चालू असताना खालच्या आपेगाव, हिरडपुरी बंधाऱ्यांत किंवा नांदेडच्या विष्णुपुरीत नांगर टाकणे जिवावर बेतते. वाहत्या पाण्यात अडकलेला नांगर होडीला पाण्याखाली ओढतो. त्या वेळी सुतळीवर विसंबून चालत नाही, दोर कापावा लागतो.

नांगर उचलताना वल्हवत त्याच्या थेट वर जायचे आणि सरळ वर खेचायचे. कडेवरून बाहेर झुकायचे नाही. सुटला नाही तर पलीकडच्या बाजूने ओढून पाहायचे.

नाथसागरचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. जलाशयांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, म्हणून त्यांनाही विचारावे. त्यांची जाळी तरंगत्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांवरून ओळखू येतात. ही जाळी भोई आणि इतर मच्छीमार कुटुंबांची रोजी आहेत. त्यांच्या आसपास नांगर सोडू नये. तरीही गुंतलाच, तर जाळे नव्हे, आपला दोर कापावा. उरलेल्या टोकाला रिकामी बाटली बांधून ठेवली की सकाळी जाळे काढायला येणारा भोई तो पाहतो आणि नांगर सोडवून काठावर ठेवतो.