आटलं की उतरलं?

मे महिन्यात सोलापुरात दोघं भेटले की दुसरं वाक्य उजनी धरणाचं. "आटली की हो उजनी!" शब्दच चुकतोय. पाणी आटतं ते उन्हानं. उतरतं ते आपण सोडल्यानं, उपसल्यानं. काठावरची ओली रेघ दोन्हीकडे सारखीच, म्हणून घोटाळा.

नुसतं आटणं बघायचं तर सिद्धेश्वर तळ्यावर जा. तिथून कालवा निघत नाही. थोडं मुरतं, बाकीचं वाफ होतं. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर पाणी चोरपावलांनी खाली सरकतं, ऐन उन्हाळ्यातही दिवसाला फार तर सेंटिमीटरभर.

उजनीवरही ऊन तेच, पण पाणी पसरट. पूर्ण भरल्यावर पातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटर, मृतसाठ्याची (म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेल्या तळच्या पाण्याची) 491.03. या जेमतेम सहा मीटरांत 53 टीएमसी, म्हणजे 53 अब्ज घनफूट पाणी मावतं! त्यामुळे सेंटिमीटरही महागात पडतो. माझ्या हिशेबानं मे महिन्यात पंधरवड्याच्या आत टीएमसीभर पाणी वाफ होत असेल. ते काही थोडं नाही. तरी सहा मीटर एकट्या उन्हानं जायचे नाहीत. कालव्यांची आवर्तनं म्हणजे पाणी सोडायच्या पाळ्या, सीना-माढा योजनेचा उपसा, ऊस... शिवाय शहराच्या पिण्यासाठी आजवर नदीत सोडत आलेलं पाणी. शहरासाठी पाणी उचलतात त्या भीमेवरच्या औज बंधाऱ्यापर्यंत ते पोचवायचं तर शहर पितं त्याच्या कितीतरी पट सोडावं लागतं, वाटेतलं कोरडं पात्र आधी पितं. आवर्तन चालू असलं की बॅकवॉटरचा, म्हणजे धरणाच्या फुगवट्याकाठचा शेतकरी सकाळी उठून आधी मोटारीचा फुटव्हॉल्व्ह, पाण्यातलं पाईपचं तोंड, बघतो. उघडा पडला असेल तर मोटार पुढं सरकवायची, पाईप जोडायचे, केबल वाढवायची. आठवड्यानं पुन्हा तेच.

आणि धरण "उणे" गेलं म्हणजेही आटलं नव्हे. टक्के मोजतात ते फक्त वरच्या 53 टीएमसीचे, ते संपले की उणे सुरू; खाली मृतसाठा 63 टीएमसीच्या वर. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 च्याही खाली गेलं, तेव्हाही तळाशी जवळपास निम्मा मृतसाठा होता. गाळ किती, हा वेगळा विषय.

चढण्याचंही तसंच. जुलैत आमच्या पत्र्यावर थेंब वाजत नाही आणि उजनी प्लसमध्ये येते, कारण पाऊस पुण्याच्या घाटात पडलेला असतो आणि तिकडची धरणं भरून दरवाजे उघडलेले असतात. म्हणून पावसाळ्यात इथला माणूस आभाळाकडे कमी बघतो, मोबाईलवर दौंडहून उजनीत येणारा विसर्ग जास्त.