गिझर गळतोय आणि कंपनी म्हणते ‘वॉरंटीत बसत नाही’: क्लेम आणि ग्राहक तक्रार कशी करायची

गिझर टपकायला लागला की आधी एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा गिझरचा खटका) पाडा, इनलेटचा, म्हणजे गार पाणी आत येतं त्या पाइपचा, कॉक बंद करा. आणि मग ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावायच्या आधी बिल शोधा. हात तंग असला की ‘दोनशे-तीनशेत होऊन जाईल’ म्हणून बाहेरच्या माणसाकडून गिझर उघडला जातो, आणि कंपनीचा माणूस आला की पहिलं वाक्य तेच ऐकवतो, बाहेरच्याने उघडलाय, वॉरंटी गेली. सगळ्यात जास्त क्लेम इथंच बुडतात.

दुसरी गोष्ट बॉक्सवरच्या मोठ्या आकड्याची. बॉक्सवर पाच किंवा सात वर्षं छापलेलं असतं ते बहुतेक वेळा फक्त आतल्या टाकीचं असतं, अख्ख्या गिझरची वॉरंटी त्यापेक्षा बरीच कमी, हीटिंग एलिमेंटची आणखी वेगळी, आणि हे सगळं वॉरंटी कार्डावर मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं. म्हणून पाणी नेमकं कुठून येतंय यावर सगळा खेळ आहे. इनलेटवर जो सेफ्टी व्हॉल्व्ह (मल्टी फंक्शन व्हॉल्व्ह) बसवलेला असतो त्यातून पाणी तापताना थोडे थेंब पडत असतील तर ती गळती नाहीच, जास्तीचं प्रेशर सोडायचं त्याचं कामच आहे. एलिमेंट जिथं टाकीला बोल्टने बसवलेलं असतं त्या फ्लॅंजपाशी ओल असेल तर बहुधा गॅस्केट (सांध्यातलं रबरी सील) गेलंय, म्हणजे किरकोळ काम. आणि बॉडीच्या पत्र्यातून, इन्सुलेशन भिजवून, गंजाचं लालसर पाणी येत असेल तर टाकी फुटली असण्याची शक्यता जास्त, आणि फुटलेली टाकी वेल्डिंग करून टिकत नाही, तिथं बदलून मिळण्यासाठीच भांडायचं. (टपकतो म्हणून कुणी त्या व्हॉल्व्हला बूच मारायला सांगितलं तर ऐकू नका, ते धोक्याचं आहे, आणि व्हॉल्व्ह काढलेला दिसला की क्लेम तसाही गेला.)

कस्टमर केअरला फोन करताना नंबर वॉरंटी कार्डावरचाच घ्या, सर्चमध्ये वर आलेला नको, तिथं फसवणारे टपून बसलेत. कॉलसाठी सिरियल नंबर लागतो. तो गिझरच्या बॉडीवरच्या रेटिंग प्लेटवर असतो आणि ती प्लेट हमखास भिंतीच्या बाजूला, मोबाईल मागे घालून फोटो काढा. बिल थर्मल कागदाचं असेल तर आजच फोटो काढून ठेवा, दोन वर्षांत तो कागद कोरा होतो. बिल हरवलंच असेल तर दुकानदाराकडून डुप्लिकेट मागा, ऑनलाइन घेतला असेल तर अकाउंटच्या ऑर्डर हिस्टरीत इन्व्हॉइस असतो, आणि यातलं काहीच नसेल तर निदान कार्ड किंवा यूपीआयने पैसे दिल्याची बँक एंट्री. फ्लॅटसोबत बिल्डरने बसवून दिला असेल तर बिल बिल्डरच्या नावावर असतं, त्याच्याकडून कॉपी लेखी मागून घ्या.

आता जॉब शीट. तंत्रज्ञ येतो, दहा मिनिटं बघतो, कागदावर किंवा टॅबवर काहीतरी लिहितो आणि सही मागतो, आपण पाणी पुसायच्या गडबडीत न वाचता सही करतो. त्यात लिहिलेलं असतं ‘हार्ड वॉटर’ किंवा ‘हाय प्रेशर’, म्हणजे दोष तुमचा. पुढं ग्राहक आयोगात कंपनी हाच कागद दाखवते. सही करायच्या आधी वाचा, पटलं नाही तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, ‘कारण मान्य नाही, कुठलीही तपासणी न करता लिहिलं’, आणि फोटो काढा. पाणी जड आहे म्हणतोय तर मोजलं कशाने ते विचारा. प्रेशर जास्त म्हणतोय तर रेटिंग प्लेट बघा, बहुतेक स्टोरेज गिझरवर ०.८ एमपीए म्हणजे ८ बार लिहिलेलं असतं. गच्चीवरच्या टाकीतून नुसतं उतारानं पाणी येत असेल तर दर १० मीटर उंचीला साधारण १ बार, म्हणजे सात-आठ मजली इमारतीत तळमजल्यालासुद्धा तीनच्या आसपास. प्रेशर पंप बसवलेला असेल तर मात्र हा युक्तिवाद करू नका. ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली दांडी) बदलला नाही असं कारण दिलं तर तो कधी बदलायचा हे तुम्हाला कार्डावर किंवा मॅन्युअलमध्ये लेखी सांगितलं होतं का ते तपासा, आणि बदलला असेल तर त्याची पावती काढून ठेवा.

आणि तंत्रज्ञ जाताना मागतो तो ओटीपी! काम झाल्याशिवाय देऊ नका. ओटीपी दिला की त्यांच्या सिस्टिममध्ये तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद होते, गळती चालूच.

कंपनीने नाही म्हटलं तर नकार ईमेलवर मागा, फोनवरचं बोलणं कुणी कबूल करत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, तिथं तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्या. बरीच प्रकरणं इथंच मिटतात, कारण कंपनीला वरून विचारणा होते. पण हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही, ती कंपनीला आदेश देऊ शकत नाही. तिथंही नकार आला म्हणून हिरमुसून घरी बसणारे लोक बघितलेत, तर तसं करू नका, खरा मार्ग पुढंच आहे.

तो म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली. वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता किंवा नोकरीधंदा करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दुसऱ्या राज्यात असलं तरी. ऑनलाइन करायची तर ई-जागृती पोर्टलवर, जुनं ई-दाखिल आता त्यातच गेलंय. गिझर घरच्या वापरासाठी हवा, हॉटेल-लॉजसाठी घेतलेला असेल तर तुम्ही ‘ग्राहक’ नाही असा आक्षेप येतो. बिल वडिलांच्या नावावर आणि वापरताय तुम्ही, तर चालतं, घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहक धरला जातो. भाडेकरूंनी मात्र घरमालकालाच तक्रारदार करावं, गिझर त्याचा आहे आणि बिलही त्याचं, उगाच त्या मुद्द्यावर महिने घालवू नका.

मुदत दोन वर्षं, आणि हीच लोक चुकीची वाचतात. ती खरेदीच्या तारखेपासून नाही, तक्रारीचं कारण घडलं तेव्हापासून. म्हणजे चौथ्या वर्षी टाकी फुटली आणि टाकीची वॉरंटी चालू आहे, तर ‘खरेदीला दोन वर्षं होऊन गेली’ म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. उलट बाजूने, कंपनीने नकार दिल्यावर तुम्ही स्मरणपत्रं पाठवत राहिलात, हेल्पलाइनवर खेटे घातलेत, तर तेवढ्याने मुदत पुढं सरकत नाही. उशीर झालाच तर कारणं देऊन माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं धरून चालू नका.

कागदपत्रं नेहमीचीच: बिल, वॉरंटी कार्डाच्या दोन्ही बाजू, जॉब शीट, तक्रार क्रमांक, ईमेल, फोटो, ओळखपत्र. विसरतात ते प्रतिज्ञापत्र, त्याशिवाय त्रुटी निघते आणि फाइल परत. कंपनीला आधी नोटीस पाठवणं सक्तीचं नाही पण पाठवा, स्पीड पोस्टची पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट जोडा. पार्टी म्हणून दुकानदार आणि कंपनी दोघांनाही घाला, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात. मागणीत बदली गिझर किंवा पैसे परत आणि थोडी नुकसानभरपाई एवढंच लिहा, मानसिक त्रासाचे पाच लाख मागून काही होत नाही.

कायद्यात निकालाची मुदत तीन महिने लिहिलीये, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि अंघोळ तोपर्यंत थांबत नाही, त्यामुळे नवा गिझर घ्यावा लागला तर घ्या, पण जुना एक्स्चेंजमध्ये किंवा भंगारात देऊ नका. दोष तपासायला आयोग वस्तूच प्रयोगशाळेत पाठवू शकतो. गिझर उतरवायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, रेटिंग प्लेट दिसेल असे, आणि माळ्यावर टाकून द्या निकाल लागेपर्यंत.