शेतात मेटल डिटेक्टर फिरवण्याआधी: संमती, नोटीस आणि कागदपत्रं

कापूस उपटून रान नांगरून पडलं की पोराबाळांसकट डिटेक्टर फिरवायला मोकळी जागा मिळते. त्यासाठी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हाधिकारी कार्यालयात कोणता फॉर्म भरायचा? भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ आणि प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा, या दोन्हींत छंदाचा असा फॉर्मच नाही. कागद लागतो तो जमिनीसाठी, आणि जमिनीतून काही निघालं तर.

जमीन कोणाची?

स्वतःचं शेत असेल तर ताजा सातबारा जवळ ठेवा. खातं सामाईक असेल तर भाऊ-काका सगळ्यांची सही घ्या. सोन्याचा विषय निघाला की घरातलीच माणसं परकी होतात. दुसऱ्याच्या शेतासाठी साध्या कागदावर संमतीपत्र पुरतं. त्यात गाव, गट नंबर, कोणत्या तारखांना फिरणार, खड्डे बुजवून देणार, आणि काही सापडलं तर वाटणी कशी, एवढं हवं. वाटणीची ओळ गाळू नका, तिचं कारण पुढे येतंच. तापी-गिरणेचं पात्र आणि गायरान सरकारी आहे, तिथे परस्पर खोदू नका. सातपुड्यातल्या वनजमिनीचा आणि यावल अभयारण्याचा विचारही नको.

कुठे अजिबात नाही

थाळनेरच्या कबरी, बलसाण्याची मंदिरं, चांगदेव, पारोळ्याचा किल्ला ही केंद्र संरक्षित ठिकाणं आहेत. संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय उत्खनन करायला कायद्याने मनाई आहे, जमीन तुमच्या नावावर असली तरीही. उत्खननाचा परवाना असतो, पण तो तज्ज्ञ आणि साधनं असलेल्या संस्थांसाठी. घरगुती हौसेसाठी नव्हे.

गावाजवळच्या पांढरीचं, म्हणजे जुन्या उजाड वस्तीचं, टेकाड मात्र कुठल्याही यादीत नसेल, तरी तिथे यंत्र लावू नये, असं माझं ठाम मत आहे. गिरणाकाठचं बहाळ आणि तापी-गोमाई संगमावरचं प्रकाशे इथल्या उत्खननांतून खानदेशाचा ताम्रपाषाणयुगापासूनचा इतिहास उलगडला, तो मातीच्या थरांवरून. थरातून उपटलेलं नाणं मग फक्त धातूचा तुकडा उरतं.

काही सापडलं तर

१८७८ च्या कायद्यात जमिनीत दडलेली किंमत असलेली कोणतीही वस्तू म्हणजे निधी, आणि नोटिशीची मर्यादा आहे १० रुपयांच्या वरची. आज एवढ्यात धड कटिंग चहा येत नाही! म्हणजे चांदीचा एक रुपया निघाला तरी कळवायचं. सापडलेलं घासू-धुऊ नका, जागच्या जागी फोटो काढा, आणि जिल्हाधिकाऱ्यांना लवकरात लवकर लेखी कळवा. मजकूर एवढा पुरे:

«मा. जिल्हाधिकारी, यांसी. मौजे …, ता. …, गट नं. … मध्ये दि. … रोजी पुढील वस्तू सापडल्या: (वर्णन, नग, अंदाजे किंमत). वस्तू कोषागारात जमा करण्यास तयार आहे.»

सोबत आधार, सातबारा, संमतीपत्र आणि फोटो जोडावेत. आवक शाखेचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परतू नका. वस्तू जवळच्या शासकीय कोषागारात जमा करायची, किंवा मागतील तेव्हा हजर करण्याबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना तारण द्यायचं.

मग जिल्हाधिकारी अधिसूचना काढतात. दावेदारांनी हजर राहायची तारीख तिच्यापासून चार महिन्यांच्या आत नसते आणि सहा महिन्यांच्या पुढे नसते. चौकशीत निधी बेवारस ठरला आणि जमीनमालकाचा बिनतक्रार दावा असला, तर वाटणी तुमच्या करारानुसार होते. करारच नसेल तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश मोबदला मिळतो.

लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लपवायला साथ देणाऱ्या मालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गुप्तधन दाखवतो म्हणणाऱ्या मांत्रिकाला बोलावलंत, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वेगळाच लागतो.

यंत्राबद्दल थोडं

आपल्या काळ्या मातीत लोहखनिज भरपूर, म्हणून यंत्र उगाच ओरडतं. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजाला यंत्राने दाद देऊ नये अशी जुळवणी, केल्याशिवाय सुरुवात करू नका. बहुतेक आवाज बैलाच्या खुराच्या पत्रीचे, थ्रेशरच्या नटांचे आणि काटेरी तारेचे निघतील. निंदणीत कुणाचं डोरलं किंवा जोडवं पडलेलं सापडलं, तर तो निधी नव्हे. त्या शेतात राबणाऱ्या बायांकडे विचारा, खूण पटली तर चार माणसांसमोर परत द्या. मालक कळत नसेल तर पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्या.