‘ढवळाढवळ करू नये’ : अमेरिकेतील औषधांचे दर, देणग्या आणि मते

अमेरिकेत आरोग्यविषयक विधेयक आले की दोन याद्या शेजारी शेजारी मांडल्या जातात. एका यादीत कोणत्या खासदाराने कसे मत दिले ते असते, तर दुसरीत त्याला आरोग्य क्षेत्रातून किती देणग्या मिळाल्या ते. ही सवय वाटते तितकी जुनी नाही, कारण पूर्वी या याद्याच धड नव्हत्या. कनिष्ठ सभागृहात दुरुस्त्यांवर मतदान होताना सदस्य मोजणाऱ्यांपुढून रांगेने जात. आकडा लिहिला जाई, नावे मात्र राहून जात. १९७० च्या सुधारणा कायद्यानंतर तिथे नावनिशीवार नोंद होऊ लागली. देणग्यांचा हिशेब १९७१ चा कायदा आणि वॉटरगेट घोटाळ्यानंतर १९७४ मध्ये झालेली त्याची दुरुस्ती यांच्यामुळे उघड झाला. त्यामुळे १९६५ मध्ये मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना मंजूर होताना कोणाचा पैसा कोणाकडे गेला, हे या पद्धतीने तपासताच येत नाही.

आपल्याकडे असा तक्ता कोणी करत नाही, त्याचे कारण साधे आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदाराचे मत म्हणजे पक्षाचा व्हिप. फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द झालेले निवडणूक रोखेही पक्षांच्याच नावे वटत असत. अमेरिकेत पैसा थेट उमेदवाराच्या प्रचार खात्यात येतो आणि मतही त्याचे स्वतःचे असते, निदान तसे मानले जाते.

यादीतल्या ‘उद्योगाचा पैसा’ या शब्दप्रयोगाने मात्र फार गोंधळ घातला आहे. कंपनीला स्वतःच्या तिजोरीतून उमेदवाराला देणगी देण्यास १९०७ पासून बंदी आहे. पैसा येतो तो कर्मचाऱ्यांच्या वर्गणीतून चालणाऱ्या राजकीय निधी समित्यांमार्फत, आणि तोही उमेदवारामागे एका निवडणुकीला जास्तीत जास्त ५,००० डॉलर. पक्षांतर्गत निवडणूक आणि मुख्य निवडणूक वेगवेगळ्या धरल्या की मर्यादा दुप्पट होते. त्यात व्यक्तींच्या देणग्यांची भर पडते. २०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचा व्यवसाय आणि मालक जाहीर करावा लागतो, आणि त्यावरून त्याला ‘आरोग्य’ या खान्यात टाकले जाते. म्हणजे गावातला दाताचा डॉक्टर, रुग्णालयातली परिचारिका आणि औषध कंपनीचा उपाध्यक्ष हे सगळे एकाच बेरजेत! रुग्णालयाला औषध स्वस्त हवे असते आणि कंपनीला महाग विकायचे असते, हे त्या बेरजेत दिसत नाही. २०१० नंतर ज्या संस्थांना देणगीदारांची नावे सांगावी लागत नाहीत त्यांच्यामार्फत प्रचारावर भरपूर खर्च होऊ लागला, तो तर या यादीबाहेरच राहतो. तेव्हा एकूण आकडा फुगलेलाही असतो आणि तोकडाही.

तरीही एक रात्र अशी आहे की जिच्याविषयी बोलताना ही सावधगिरी जरा बाजूला ठेवावीशी वाटते. २२ नोव्हेंबर २००३ ची पहाट. मेडिकेअरमध्ये औषधांचा खर्च समाविष्ट करणाऱ्या विधेयकावर कनिष्ठ सभागृहात तीनच्या सुमारास मतदान सुरू झाले. एरवी त्याला पंधरा मिनिटे लागतात. त्या रात्री मतांचा फलक जवळजवळ तीन तास उघडा राहिला. बराच वेळ आकडा २१६ विरुद्ध २१८ वर अडला होता, म्हणजे विधेयक पडत होते. सत्ताधारी नेते आपल्याच बंडखोरांना बाजूला घेऊन समजावत होते. उजाडता उजाडता ते २२० विरुद्ध २१५ असे मंजूर झाले. मताच्या बदल्यात एका सदस्याच्या मुलाच्या उमेदवारीला पाठिंबा देऊ केल्याबद्दल बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्याला पुढच्या वर्षी सभागृहाच्या नीती समितीने समज दिली. त्या सदस्याने मात्र विरोधातच मत दिले होते. दहा वर्षांचा खर्च ३९५ अब्ज डॉलर असे सदस्यांना सांगण्यात आले होते. सरकारच्याच विमागणितज्ज्ञाचा अंदाज ५०० अब्जांच्या वर होता, तो त्यांच्यापर्यंत पोहोचला मतदानानंतर. ज्या समितीतून विधेयक गेले तिचे अध्यक्ष जानेवारी २००५ मध्ये औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले.

वादाचा गाभा होता एक छोटे कलम. औषध कंपन्या, दुकाने आणि विमा योजना यांच्यातील वाटाघाटींत आरोग्यमंत्र्यांनी ‘ढवळाढवळ करू नये’, असे त्यात म्हटले होते. देशातल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने, म्हणजे मेडिकेअरने, भाव करायचा नाही, हा त्याचा सरळ अर्थ. माजी सैनिकांच्या खात्याला १९९२ च्या कायद्याने सवलतीचे दर मिळत होते, म्हणून विरोधकांना हे खटकले. समर्थकांचे म्हणणे असे की विमा योजना आपापसांत स्पर्धा करून भाव पाडतील. या योजनेचा खर्च पुढे सुरुवातीच्या अंदाजापेक्षा कमी आला, हेही नोंदवायला हवे. शिवाय एखादे औषध यादीतून वगळण्याचा अधिकार नसेल तर नुसते कलम काढून फारसे काही वाचणार नाही, असे संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाने २००७ मध्ये सांगितले. ते पटण्यासारखे आहे. दुकानातून उठून जाता येत नसेल तर घासाघीस कसली?

त्याच वर्षी कनिष्ठ सभागृहाने कलम हटवण्याचे विधेयक २५५ विरुद्ध १७० मतांनी मंजूर केले. वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, तसेच विधेयक ५५ विरुद्ध ४२ असे अडले, कारण चर्चा पुढे नेण्यासाठीच ६० मते लागत होती. म्हणजे सिनेटरांच्या नावापुढे नोंद आहे ती कामकाजाच्या प्रश्नावरील मताची. २००९ मध्ये औषध उद्योगाने दहा वर्षांत ८० अब्ज डॉलर सोडण्याची तयारी दाखवली आणि आरोग्य सुधारणेच्या कायद्यात दर-वाटाघाटी आल्या नाहीत. त्या तडजोडीवर वेगळे मतदान झालेच नाही.

जानेवारी २०१७ मध्ये कॅनडातून औषधे आणू देण्याची दुरुस्ती सिनेटमध्ये ४६ विरुद्ध ५२ अशी पडली. बारा रिपब्लिकन बाजूने होते आणि तेरा डेमोक्रॅट विरोधात. तेराजणांच्या देणग्यांचे तक्ते लगेच फिरू लागले. न्यू जर्सीचे दोन्ही सिनेटर त्यांत होते. पण तिथे औषध कंपन्यांची मुख्यालये आहेत आणि तिथले कर्मचारी मतदारही आहेत, मग मत पैशाचे की मतदारसंघाचे? त्या दोघांपैकी एकाने पुढच्याच महिन्यात आयातीच्या विधेयकाला साथ दिली आणि त्याच वर्षी औषध कंपन्यांच्या देणग्या घेणे थांबवत असल्याचे जाहीर केले.

सप्टेंबर २०२१ मध्ये सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचेच तिघे फिरल्याने दर-वाटाघाटींचा प्रस्ताव कनिष्ठ सभागृहाच्या समितीत २९-२९ असा अडकला. पुढे त्याचे सौम्य रूप ऑगस्ट २०२२ मध्ये सिनेटमधून ५१ विरुद्ध ५० असे, उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने पार झाले. पहिल्या फेरीत दहाच औषधे, आणि नवे दर १ जानेवारी २०२६ पासून. २००३ चे कलम तेव्हाही काढले नाही, त्याला फक्त अपवाद जोडला. खाजगी विमाधारकांसाठी इन्सुलिनला ३५ डॉलरची मर्यादा घालण्याच्या बाजूने ५७ मते पडली, पण ६० हवी होती, म्हणून ती गळाली. जुलै २०२५ च्या करांच्या अवाढव्य कायद्यात दुर्मीळ आजारांवरील औषधे वाटाघाटींतून वगळण्याची तरतूद आणखी व्यापक करण्यात आली. सिनेटच्या नोंदीत त्यावर ५१ विरुद्ध ५० एवढाच आकडा आहे, आणि तो करकपात, मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) आणि सीमासुरक्षा यांसकट संपूर्ण कायद्यावरचा आहे.