किटची गिटार आणि एक किलोमीटर तांब्याची तार

इलेक्ट्रिक गिटारचं किट घेऊन घरी जोडावं असा विचार बोलून दाखवला, की गिटार वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "नको रे, त्यात हलकं लाकूड देतात. टोन येत नाही." पहिला भाग खरा आहे. स्वस्त किटमध्ये बहुधा बासवुड किंवा पावलोनिया असतं, आणि ही लाकडं वजनाला हलकी, भावाला त्याहून हलकी. दुसऱ्या भागावर मात्र माझं आणि या मंडळींचं कधीच जमत नाही.

बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच. जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३२ मध्ये लॉस एंजेलिसहून विकायला काढलेली गिटार ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. गोल अंग आणि लांब दांडा, म्हणून तिचं नाव पडलं 'फ्राइंग पॅन'. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. तिला टोन नाही, अशी तक्रार कुणी केली नाही. गरम दिव्यांखाली धातू प्रसरण पावून सूर हलायचे, ही तक्रार मात्र होती आणि ती रास्त होती.

किट हा प्रकार शक्य झाला तो लिओ फेंडर यांच्यामुळे. हे गृहस्थ मुळात रेडिओ दुरुस्त करणारे, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० च्या सुमारास त्यांनी सपाट फळीची बॉडी आणि चार स्क्रूंनी आवळलेली नेक, म्हणजे तारा दाबायचा लांब दांडा, अशी गिटार बाजारात आणली. नेक खराब झाली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. त्यांच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये (हीच 'स्ट्रॅट') पिकअप, म्हणजे तारांची हालचाल विजेच्या संकेतात बदलणारे भाग, नॉब आणि स्विच एकाच प्लॅस्टिकच्या पत्र्यावर बसवून आले. आजचं किट उघडलं की हेच निघतं: कच्च्या लाकडाची बॉडी, तयार नेक, खुंट्या, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग), तारा आणि आधीच सोल्डर केलेला तो पत्रा. पॉलिशपेपरने घासणं, रंग, स्क्रू या कामांना वेळ लागतो, पण त्यात विज्ञान फारसं नाही. ते त्या पत्र्याच्या मागच्या बाजूला आहे.

पिकअप म्हणजे मायक्रोफोन, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे आणि सगळा 'लाकडाचा टोन' त्यातूनच उगवतो. मायक्रोफोनला हवेतला दाब कळतो. पिकअपला हवा कळतच नाही. इलेक्ट्रिक गिटारला नायलॉनच्या तारा लावा आणि अ‍ॅम्प्लिफायर कितीही चढवा, काही ऐकू येणार नाही. याउलट शाळेच्या प्रयोगशाळेतला पोलादी नादकाटा वाजवून नुसता पिकअपजवळ धरा. तार नाही, लाकडाला स्पर्श नाही, तरी स्पीकरमधून स्वच्छ सूर येतो. तोच प्रयोग अ‍ॅल्युमिनियमच्या नादकाट्याने केला तर जवळजवळ शांतता.

आत काय असतं? प्रत्येक तारेखाली चुंबकाची एक कांडी, अशा सहा कांड्या. चांगल्या पिकअपमध्ये त्या अल्निकोच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रधातूच्या असतात. स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा साधे पोलादी खिळे आणि त्यांच्या तळाशी चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. या कांड्यांभोवती इनॅमल चढवलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. तिची जाडी जेमतेम ०.०६ मिलिमीटर, वेढे साडेसात-आठ हजार. गुंडाळी उलगडली तर साधारण एक किलोमीटर तार निघेल. तिचा रोध सहा किलोओहमच्या आसपास भरतो. मल्टिमीटर लावून पाहा.

आता दहावीचं विज्ञान आठवा. कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की कॉइलच्या टोकांत विभवांतर तयार होतं. फॅरडेने हे १८३१ मध्ये दाखवलं. पण इथे चुंबकही स्थिर आहे आणि कॉइलही स्थिर. मग बदलतं काय? खालचा चुंबक वरच्या पोलादी तारेच्या तेवढ्या तुकड्याला चुंबकत्व देतो. तार म्हणजे जणू तिथल्या तिथे तयार झालेला छोटा चुंबक, आणि तो कॉइलच्या वर हलतो आहे. तो जवळ आला की कॉइलमधलं क्षेत्र वाढतं, दूर गेला की घटतं. विभवांतर ठरतं ते या बदलाच्या वेगावर. म्हणजे पिकअप तार कुठे आहे ते सांगत नाही, किती वेगाने हलते आहे ते सांगतो.

यातून गमतीच्या गोष्टी निघतात. तार वरखाली हलली तर पिकअपला भरपूर कळतं. आडवी हलली तर डावीकडे आणि उजवीकडे होणारा बदल सारखाच, त्यामुळे फारच थोडं कळतं आणि जे कळतं ते दुप्पट वारंवारतेचं. चुंबक तारेच्या फार जवळ आणला तर आवाज मोठा होतो, पण चुंबक तारेला ओढू लागतो. मग जाड तारेचा सूर लहरतो, एकाच सुरात दोन सूर भांडत असल्यासारखं वाटतं. नवीन किटमध्ये पिकअप बहुधा वाटेल त्या उंचीवर बसवलेले असतात. शेवटच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार दाबून तार आणि कांडी यांत दोन ते तीन मिलिमीटर अंतर ठेवा, अर्धी कुरकुर तिथेच संपते.

पिकअप कुठे बसवला आहे याला तर फारच महत्त्व. स्ट्रॅटच्या मोजणीत नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. नेकजवळचा पिकअप ब्रिजपासून साधारण १६२ मिलिमीटरवर येतो, म्हणजे लांबीच्या एक चतुर्थांशावर. तार छेडली की मूळ सुराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेची स्वरके निघतात. चौथ्या स्वरकासाठी तार चार भागांत डोलते, आणि त्या भागांच्या सांध्यावर तार स्थिर असते. मोकळ्या तारेत नेमका असा एक सांधा या पिकअपच्या डोक्यावर येतो. तार चौथं स्वरक वाजवते आहे, पण पिकअपला ते ऐकूच येत नाही. आठवं, बारावंही नाही. म्हणून तिथला आवाज गोल आणि मऊ. ब्रिजजवळचा पिकअप तारेच्या टोकाशी आहे, तिथे मूळ सुराची हालचाल तुटपुंजी आणि वरची स्वरकं त्या मानाने जोरात, म्हणून तो कर्कश. एकच तार, एकच फळी, आणि स्विच एक घर सरकवताच आवाज ओळखू येऊ नये इतका बदलतो.

इथून पुढे थोडं गणित आहे. कंटाळा येत असेल तर गुणगुणीच्या परिच्छेदावर उडी मारा.

एक किलोमीटर तारेच्या त्या कॉइलला प्रेरकत्व (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) असतं, साधारण २.४ हेनरी. इलेक्ट्रॉनिक्सच्या मानाने हा आकडा अवाढव्य आहे. गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंत जाणाऱ्या केबलला धारिता (विद्युतप्रभार साठवण्याची क्षमता) असते, मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या घरात. प्रेरक आणि धारित्र एकत्र आले की झोपाळ्याप्रमाणे त्यांनाही स्वतःची अशी एक लय येते, आणि त्या लयीत आलेला संकेत ते उचलून धरतात. तीन मीटर केबलचे ३०० आणि कॉइलच्या स्वतःच्या धारितेचे समजा १५०, असे ४५० पिकोफॅरड धरले तर ही अनुनाद वारंवारता सुमारे ४,८०० हर्ट्झ येते. सहा मीटर केबल लावा, ती ३,७५० वर उतरते. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, त्यामुळे हा फरक लगेच जाणवतो. म्हणजे तीन मीटर जास्तीची केबल हीसुद्धा गिटारमध्ये केलेली सुधारणा किंवा बिघाड आहे. पोलादी खिळ्यांच्या पिकअपचं प्रेरकत्व जास्त भरतं, म्हणून त्याचा उंचवटा खाली सरकतो. किटचा आवाज 'दबलेला' वाटतो त्याचं एक खरं कारण हे आहे. लाकडावर आळ आणि गुन्हेगार खिळे! पिकअप बदलणं ही किटमधली सर्वांत फळणारी सुधारणा का, ते यावरून कळेल.

टोनचा नॉब याच झोपाळ्याशी खेळतो. त्याच्यामागे २५० किलोओहमचा पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रोध) आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. नॉब पूर्ण बंद केला की केबलच्या शंभरपट मोठी धारिता कॉइलला येऊन मिळते आणि अनुनाद पाचशे हर्ट्झच्याही खाली जातो. ०.०२२ चा कपॅसिटर लावलात तर सातशेच्या आसपास थांबतो. कपॅसिटर बदलायला दहा-वीस रुपये लागतात. तरीही पन्नासच्या दशकातले, रंगीत पट्ट्यांचे, तेलकागदाचे कपॅसिटर लोक हजारो रुपये मोजून घेतात, कारण त्यांत म्हणे 'जुना टोन' असतो. मोजून पाहिल्यावर दोन कपॅसिटरची धारिता सारखी निघाली, तर या परिपथात त्यांत फरक ऐकू येण्याचं कारण नाही. नॉब पूर्ण उघडा असताना तर बिचारा अडीच लाख ओहमच्या पलीकडे बसलेला असतो. बोटात खडा घालून परीक्षेला बसण्याइतकाच हा उपाय शास्त्रीय आहे, फक्त खड्याला निदान चमक असते.

आता गुणगुण. किट जोडून अ‍ॅम्पला लावलं की 'घूंऽऽ' असा आवाज येतो आणि माणूस खचतो. ही घरातली वीज आहे. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, आणि तिचं दुसरं स्वरक १०० हर्ट्झ, म्हणजे जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटवरच्या जी सुराच्या (९८ हर्ट्झ) किंचित वर. अमेरिकेत ६० हर्ट्झ असल्याने तिथली गुणगुण वेगळ्या पट्टीत लागते.

ही गुणगुण दोन वाटांनी येते आणि बहुतेक जण त्यांची गल्लत करतात. पहिली वाट विद्युत क्षेत्राची. तुमचं शरीर घरातल्या वायरिंगचं क्षेत्र पकडतं आणि ते गिटारला देतं. म्हणून ब्रिजखालून एक वायर व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर आणलेली असते. तारांना हात लागला की तुम्हीही जमिनीला जोडले जाता आणि आवाज एकदम उतरतो. किटमध्ये सर्वाधिक गोंधळ या वायरीचाच. रंगाचा जाड थर दिल्यावर वायर ब्रिजखाली दाबली जाते खरी, पण धातूला टेकत नाही. मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला लावा. बीप आला नाही तर रंग खरवडा. आणि हेही लक्षात घ्या की या वायरीमुळे तुमची बोटं थेट अ‍ॅम्पच्या सांगाड्याला जोडली गेलेली असतात. घरच्या थ्री-पिन सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे की नुसतं तिसरं भोक आहे, हे आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. इथे चेष्टा नाही.

पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवली की या पहिल्या वाटेचा बंदोबस्त होतो. दुसरी वाट चुंबकीय क्षेत्राची, ट्रान्सफॉर्मरमधून येणारी. तिला तांब्याची पट्टी अडवत नाही. त्यासाठी गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकर पिकअप तयार केला. त्यात शेजारी शेजारी दोन कॉइल. दुसऱ्या कॉइलचा चुंबक उलटा आणि जोडणीही उलटी. तारेचा संकेत चुंबकामुळे एकदा उलटतो, जोडणीमुळे पुन्हा उलटतो, म्हणजे सरळ होतो. गुणगुणीला चुंबकाशी घेणंदेणं नाही, ती एकदाच उलटते. दोन्ही कॉइलची बेरीज केली की तारेचे संकेत मिळतात आणि गुणगुण स्वतःलाच खाऊन टाकते. इतकी स्वस्त आणि सुंदर युक्ती इलेक्ट्रॉनिक्समध्ये क्वचितच सापडते! अनेक स्ट्रॅट किटमध्ये मधला पिकअप असाच उलटा असतो, म्हणून स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या घरात गुणगुण जाते. त्या घरांत आवाज अगदीच पातळ, नाकातला आला तर एका पिकअपच्या दोन वायरी उलट्या लागल्या आहेत. अदलाबदल करा.

मग लाकडाचं काहीच नाही का? आहे. तारेची ऊर्जा टोकांतून किती गळते हे लाकूड ठरवतं, आणि इथे बॉडीपेक्षा नेकचा हात मोठा. एखाद्या फ्रेटवर सूर लगेच मरतो तेव्हा बऱ्याचदा नेकचीच नैसर्गिक वारंवारता त्या सुराशी जुळलेली असते आणि ती ऊर्जा गिळते. मात्र हा परिणाम सूर किती वेळ टिकतो यावर जास्त दिसतो. नेकवरच्या फ्रेटबोर्डसाठी आपल्या सह्याद्रीत वाढणारा शिसव जगभर वापरला जातो. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले तेव्हा गिटारवाल्यांची धांदल उडाली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. शिसव कठीण आणि तेलकट, बोटांखाली झिजत नाही, हा त्याचा खरा गुण.

लाकडाच्या चर्चेत वेळ घालवण्यापेक्षा तो ब्रिजवरच्या सहा सॅडलना, म्हणजे एकेक तार ज्यावर टेकते त्या सरकत्या तुकड्यांना, द्यावा. फ्रेटच्या जागा हिशेबाने ठरतात: उरलेली लांबी १७.८१७ ने भागायची आणि तेवढं पुढे सरकायचं. ६४८ मिलिमीटरच्या तारेला पहिला फ्रेट ३६.४ वर, बारावा बरोबर मध्यावर. पण तार फ्रेटवर दाबली की थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तार जास्त चढते. म्हणून प्रत्येक सॅडल थोडं मागे सरकवून तार मूळ लांबीपेक्षा किंचित लांब करायची. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून निघणारं स्वरक आणि तिथेच दाबून निघणारा सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. हे काम नेकमधली लोखंडी सळई पिळून नेकचा बाक ठरवल्यावरच करायचं, कारण नऊच्या सेटमध्ये (सर्वांत बारीक तार ०.००९ इंच जाडीची) सहा तारांची ओढ मिळून ३८ किलोच्या आसपास असते आणि दहाच्या सेटमध्ये ४६. सेट बदललात तर नेक पुन्हा वाकते, आणि सहाही सॅडल पुन्हा लावावी लागतात.