गाळखत कोकणच्या मातीत घालण्याआधी

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जिवाणू घाण खातात, पाणी निवळतं आणि तळाशी गाळ बसतो. तो कुजवून, वाळवून शेतात टाकला की नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब मिळतो. पावसाने धुपलेल्या आपल्या वरकस जमिनींना याची गरज आहेच, त्यामुळे गाळखताला सरसकट नाही म्हणणं मला पटत नाही. पण कॅडमियम, शिसं, निकेल कुठल्याच जिवाणूला पचत नाहीत. पाण्यातून निघालेले हे धातू गाळात साठतात.

1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार एक किलो कंपोस्टमध्ये कॅडमियम 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, शिसं 100 पेक्षा. ही झाली खताची परीक्षा. पिकात किती उतरणार, हे मात्र माती ठरवते. घाटावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कॅडमियम बराचसा मातीलाच चिकटून राहतो. कोकणात मुसळधार पावसाने चुना, मॅग्नेशियम वाहून गेलेत. जांभ्या मातीचा सामू (पीएच, 7 पेक्षा जितका कमी तितकी माती आम्ल) बऱ्याच ठिकाणी 5 ते 6 च्या दरम्यान असतो. अशा आम्ल मातीत तोच कॅडमियम सुटून मुळांजवळच्या पाण्यात येतो.

भातखाचरात तर आणखी एक गोष्ट घडते. खाचर भरलेलं असताना चिखलात ऑक्सिजन नसतो, कॅडमियम गंधकाशी बांधला जातो आणि विरघळत नाही. पाऊस ओसरून खाचर सुकलं, जमिनीला भेगा पडल्या, की हवा आत शिरते आणि तो मोकळा होतो. नेमका तेव्हाच दाणा भरत असतो! जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीच्या पाण्यामुळे भातात कॅडमियम उतरला आणि तो खाणाऱ्यांची हाडं ठिसूळ झाली. ‘इताई-इताई’ नावाच्या या आजाराचं कारण तिथल्या सरकारने 1968 साली मान्य केलं.

दुसरी धास्ती पीफासची. नॉनस्टिक भांडी, डाग न धरणारं कापड, आग विझवायचा फेस यांतली ही रसायनं. त्यांतला कार्बन-फ्लोरिनचा बंध कंपोस्टच्या उष्णतेने तुटत नाही, आणि त्यांतली बरीचशी पाण्याबरोबर झिरपत विहिरीपर्यंत जाऊ शकतात. शेतं आणि विहिरी दूषित झाल्यावर अमेरिकेतल्या मेन राज्याने 2022 मध्ये शेतात गाळ टाकायलाच बंदी घातली. आपल्या आदेशात धातूंच्या मर्यादा आहेत, पीफासची नाही.

सगळा गाळ सारखा नसतो. घरगुती शौचटाकीतल्या गाळात मुख्य भीती जंतांच्या अंड्यांची. कारखान्यांचं, मुलामा देणाऱ्या वर्कशॉपचं पाणी ज्या गटारात मिसळतं, तिथला गाळ मात्र मी भाताला किंवा पालेभाजीला घालणार नाही. लाल माठ, पालक पानांत कॅडमियम चटकन ओढतात. बांबू किंवा सुरूच्या लागवडीला एक वेळ चालेल, तेही विहिरीपासून लांब. चुना घालून सामू 6.5 पर्यंत आणला तर कॅडमियमचं शोषण बरंच कमी होतं.

मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक तपासलेले असतात. त्यात सामू आहे, कॅडमियम नाही. म्हणून गाळ फुकट मिळत असला तरी तो कुठल्या गटाराचा हे विचारा आणि त्याचा धातूंचा अहवाल हातात आल्याशिवाय गाडी शेतात रिकामी करू देऊ नका.